आल्पाइन शायर, व्हिक्टोरिया: ब्राइटला जाताना मर्टलफर्डला थांबा

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी,

एप्रिल लागला की मेलबर्नच्या आपल्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: ब्राइटला चाललोय, काय बघू? उत्तरंही ठरलेली. नदीकाठची लाल-पिवळी झाडं, डेलनी अव्हेन्यूवर फोटो, आइस्क्रीम, आणि परत. पहिली दोन-तीन वर्षं मीही एवढंच करून आले. पण मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षवाल्याची मुलगी. रस्त्याच्या कडेला वेली दिसल्या की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तशीच एकदा मर्टलफर्डजवळ थांबले आणि तिथे जाण्याचं माझं कारणच बदलून गेलं. त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

आधी जागा समजून घेऊ. ब्राइट आणि मर्टलफर्ड ही दोन्ही गावं आल्पाइन शायरमध्ये येतात. आल्पाइन शायर म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य भागातली स्थानिक स्वराज्य संस्था. पंचायत समिती आणि नगरपालिका एकत्र केली तर जे होईल, साधारण तसं. १९९४ मध्ये जुने छोटे शायर जोडून हा तयार झाला. क्षेत्रफळ जवळजवळ ४,८०० चौरस किलोमीटर आणि वस्ती १३ हजारांच्या आसपास. आमच्या एकट्या पिंपळगाव बसवंतात याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. त्यातही ९० टक्क्यांहून जास्त जमीन सरकारी, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं आणि जंगल. गावं, शेती, द्राक्षं, खानावळी, सगळं काही उरलेल्या चिंचोळ्या खोऱ्यांत: ओव्हन्स, बकलंड, बफेलो आणि कीवा या नद्यांच्या काठाने.

वांगारट्टा सोडून ग्रेट आल्पाइन रोडने ब्राइटकडे निघालं की मर्टलफर्डच्या आसपास शेतांत उंच, बिनखिडक्यांच्या खोल्या दिसू लागतात. बऱ्याचशा गंजक्या पत्र्याच्या. माथ्यावर गरम हवा बाहेर पडायला आणखी एक छोटं छप्पर. मला आधी वाटलं धान्याची कोठारं असतील. त्या तंबाखूच्या भट्ट्या आहेत. हिरवी पानं काठ्यांना बांधून आत थरावर थर टांगायची आणि खालून गरम नळ्यांनी ताप द्यायचा. किती ताप, किती वेळ, यावर सगळं पीक. रात्री उठून भट्टी बघावी लागायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आलेली कुटुंबं या तंबाखूवर उभी राहिली. हातात काही नव्हतं, म्हणून पुष्कळांनी आधी दुसऱ्याच्या रानात वाट्याने तंबाखू केला, मग पै-पै जोडून स्वतःची जमीन घेतली. आणि २००६ मध्ये ते पीक संपलं. खरेदी करणाऱ्या कंपन्या थांबल्या, शेतकऱ्यांनी भरपाई घेतली आणि भट्ट्या थंड झाल्या. ज्या घरात दोन पिढ्या तंबाखूशिवाय दुसरं काही केलं नाही, त्या घरात त्या वर्षी काय बोलणं झालं असेल, ते मी समजू शकते. आमच्याकडे गारपिटीत बाग गेली त्या वर्षी घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

सुदैवाने काहींनी त्याआधीच, १९७०-८० च्या दशकांपासून, थोडी थोडी द्राक्षं लावून ठेवली होती. डोंगरावरून रात्री थंड हवा खोऱ्यात उतरते, त्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो आणि वाईनला तो हवाच असतो. शेजारच्या किंग व्हॅलीतही तंबाखूवाल्या इटालियन घरांनी हेच केलं. ते खोरं वांगारट्टाच्या हद्दीत येतं, या शायरमध्ये नाही. ओटो दाल झोत्तो मूळचे इटलीतल्या वाल्दोब्बियादेनेचे, म्हणजे प्रोसेको ही बुडबुड्यांची वाईन जिथे बनते त्याच भागातले. त्यांनी १९९९ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या प्रोसेकोच्या वेली लावल्या. आज इकडच्या पार्टीत आपण ज्या बाटल्या उघडतो, त्यांची सुरुवात तिथली.

आता एक प्रसंग सांगते. माझे वडील, नाना, एका जुलैत, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात, आले होते. आम्ही त्यांना बर्फ दाखवायला घेऊन निघालो होतो, पण वाटेत त्यांनी वेली बघितल्या आणि गाडी थांबवायला लावली. कुंपणाशी एक वयस्कर शेतकरी छाटणी करत होते. आम्ही हात केला, त्यांनी आत बोलावलं. नाना उकिडवे बसले, नखाने काडीची साल जराशी खरवडली आणि आतला हिरवा रंग बघून म्हणाले, "झोपलीय." त्यांनी आयुष्यात झोपलेली द्राक्षवेल बघितली नव्हती. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, वेल झोपत नाही. म्हणून तर एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. नानांनी त्या गृहस्थांना दोन बोटं दाखवली आणि हवेत कात्री चालवली. दोनदा. ते आजोबा हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिले, मी खरंच तसं असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आपली कात्री नानांच्या हातात दिली. अर्धा तास दोघं शेजारी-शेजारी छाटत होते. एकाची इंग्रजी इटालियन वळणाची, दुसऱ्याची नाहीच. बर्फ बघायला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे: ब्राइटला जरूर जा, पण मर्टलफर्डला, गॅप्स्टेडला, पोरपंकाला थांबा. पानगळीच्या दोन आठवड्यांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. मग ऑगस्टमध्ये जा, नोव्हेंबरमध्ये जा. शेताच्या फाटकावर अक्रोड, चेस्टनट, सफरचंदं ठेवलेली असतात, पेटीत पैसे टाकून घेता येतात. तेवढ्यानेही त्या माणसाचा हंगाम थोडा लांबतो.

---

सह्यवेडा

ताई, छान लिहिलंय. नानांचा प्रसंग दोनदा वाचला.

एक दुरुस्ती सगळ्यांसाठी, कारण बुकिंग करताना लोक गोंधळतात. फॉल्स क्रीक आणि माउंट हॉथम ही बर्फाची ठिकाणं शायरच्या हद्दीत नाहीत, त्यांचा कारभार वेगळा. डिनर प्लेन मात्र शायरमध्ये येतं. बर्फाच्या हंगामात या रस्त्यांवर चाकांच्या साखळ्या गाडीत असणं सक्तीचं असतं, ऊन असलं तरी. ब्राइटमध्ये भाड्याने मिळतात.

डोंगरवाल्यांसाठी: फेदरटॉप १,९२२ मीटर, राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. हॉथमच्या रस्त्यावरून रेझरबॅक नावाच्या धारेवरून जायचं. दोन्ही बाजूंना उतार आणि मधे पायवाट. हरिश्चंद्रगड-रतनगड केलेल्यांना चढ कठीण वाटणार नाही, पण हवा अर्ध्या तासात पालटते. मी डिसेंबरात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तिथे गारांत सापडलो आहे. ज्यांना एवढं चालायचं नाही त्यांनी माउंट बफेलोला जावं. ग्रॅनाइटचे प्रचंड गोलसर धोंडे आणि 'द हॉर्न' या टोकापर्यंत शेवटचा थोडाच चढ. तिथलं १९१० सालचं लाकडी शॅले, म्हणजे जुनं हॉटेल, २००७ पासून बंद आहे, बाहेरून बघता येतं. याच डोंगरावर ॲलिस मॅनफील्ड नावाची बाई वाटाडी म्हणून काम करायची, शंभर वर्षांपूर्वी, स्वतः बेतलेली विजार घालून. बायकांनी विजार घालणं तेव्हा लोकांना खपत नसे, पण त्या झग्यात कडे चढता येत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

---

निपाणीकर

मी मूळचा निपाणीचा, त्यामुळे भट्ट्यांचा परिच्छेद वाचून थबकलो. आमच्याकडचा तंबाखू विडीचा, तो उन्हात वाळवतात, भट्टी नसते. पण वखारी तशाच. माझी आजी वखारीत कामाला होती. ती घरी आली की लुगड्याचा वास आधी यायचा, मग ती. खोकला तिच्या पिढीतल्या सगळ्याच बायकांना.

१९८१ चं तंबाखू आंदोलन आमच्या घरात अजून काल झाल्यासारखं सांगतात. शरद जोशी आले, हायवेवर शेतकरी ठाण मांडून बसले, पुढे गोळीबार झाला. भाव मिळावा एवढीच मागणी होती. म्हणून मर्टलफर्डबद्दल एक विचारायचं आहे. पीक संपलं तेव्हा ज्यांची स्वतःची जमीन होती त्यांनी द्राक्षं लावली, हे कळलं. ज्यांची नव्हती त्यांचं काय झालं?

---

निफाडची_लेक

निपाणीकर दादा, प्रश्न अगदी योग्य जागी लागला. सगळ्यांची गोष्ट वाईनची झाली नाही. काहींनी जनावरं पाळली, काहींनी अक्रोड-चेस्टनट लावले, आणि पुष्कळ घरांतली मुलं शहरात गेली. मला तिथे जे भेटले ते टिकलेले लोक, गेलेले भेटणार कसे? हे माझ्या लेखात यायला हवं होतं. तुम्ही आजीबद्दल लिहिलंत ते बरं झालं.

आणि हो, त्याच भागात हॉप्सचे मळे आहेत, बिअरला लागतात ते. मर्टलफर्ड-ब्राइटच्या मधे रॉस्ट्रेव्हर म्हणून खूप मोठा मळा आहे. घराएवढ्या उंच तारांवर दोऱ्या सोडलेल्या आणि त्यांवर वेल सरळ वर चढलेले. जगभर नाव झालेली 'गॅलेक्सी' ही हॉप्सची जात तिथल्याच संशोधन मळ्यातून आली. तोडणी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर. त्या दिवसांत काच खाली करून गाडी चालवा, वास येतो.

---

कुमुदिनी_जोगळेकरीण

लेख आवडला, पण शाकाहारी मंडळींसाठी एक सावधगिरी नोंदवते. गेल्या वर्षी आम्ही सहाजण त्या भागात एका ठिकाणी जेवलो. माझ्या सासूबाई कडक शाकाहारी. मशरूमचा रिझोटो मागवला, 'मांस नाही ना' असं विचारलं, 'नाही' म्हणाले. अर्धा खाल्ल्यावर दुसरी वाढपी सहज बोलून गेली की तांदूळ कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अन्न घेतलं नाही. मला अजून ते लागून राहिलंय, कारण विचारायची जबाबदारी माझी होती.

विचारताना 'मांस आहे का' एवढंच विचारू नका. 'स्टॉक कशाचा' हे स्पष्ट विचारा. आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, तेही ज्यांना चालत नाही त्यांनी सांगावं. आधी फोन करून सांगितलं तर बहुतेक ठिकाणी लोक मनापासून वेगळं करून देतात. यंदा आम्ही तसं केलं, आणि एका बाईंनी घरच्या भोपळ्याचे न्योकी, म्हणजे इटालियन पद्धतीचे छोटे उकडलेले गोळे, लोणी आणि सेजच्या पानांत परतून दिले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतले.

---

जुनी_पानं

ज्या पानांसाठी आपण जातो ती झाडं तिथली नव्हेत. एल्म, ओक, मेपल, पॉप्लर ही युरोपातून आलेल्या लोकांनी आपल्या गावाची आठवण म्हणून लावली. तिथलं मूळ झाड निलगिरी, त्याची अशी पानगळ होत नाही. ब्राइटच्या चौकात उभं राहून मान वर केली की गावात लाल-पिवळं आणि मागच्या डोंगरावर करडं-हिरवं, अशी सरळ रेघ दिसते.

इतिहासाबद्दल बोलायचं तर बकलंड खोऱ्यात एक जागा आहे जिथे मी दर वेळी थांबते. १८५० च्या दशकात इथे सोनं सापडलं. ४ जुलै १८५७ ला गोऱ्या खाणकामगारांच्या जमावाने त्या खोऱ्यातल्या दोन हजारांहून जास्त चिनी माणसांना हुसकावून लावलं. तंबू जाळले, सामान लुटलं. ऐन थंडीत माणसं नदी ओलांडून पळाली, काही मेली. आणि त्याच मुलखात नंतर तंबाखूची सुरुवातीची शेती करणाऱ्यांत चिनी लोक होते. इटालियन आले ते पुष्कळ नंतर.

त्याही आधी, हजारो वर्षं, उन्हाळ्यात या डोंगरांवर आदिवासी समाज एकत्र जमायचे आणि बोगाँग पतंग भाजून खायचे. हे पतंग दुरून उडत येऊन उंचावरच्या थंड कपारींत उन्हाळा काढतात. चरबीने भरलेले असतात. खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागातलं ते एक फार जुनं खाणं. त्या पतंगाचीच संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये त्याला संकटग्रस्त जाहीर केलं गेलं.

---

दोन_चाकं

सायकलवाल्यांसाठी: ब्राइटची रेल्वे १८९० मध्ये आली आणि १९८३ मध्ये बंद झाली. रूळ काढून त्याच वाटेवर डांबरी सायकलमार्ग केलाय. मर्टलफर्ड ते ब्राइट साधारण ३० किलोमीटर, रेल्वेची वाट असल्याने चढ अगदी हळू. मुलगी नऊ वर्षांची, तिने पूर्ण केला. मधे पोरपंकाला द्राक्षमळे रस्त्याला लागूनच आहेत. एकदाच पाणी भरायला थांबलो.

---

वणीचा_द्राक्षवाला

मी दिंडोरी तालुक्यात राहतो, नाशिकच्या वाईनरींना द्राक्षं देतो. तिकडे कधी आलो नाही, पण तुमच्या त्या भागाचं नाव आमच्याकडच्या प्रशिक्षणात ऐकलं ते आगीच्या धुरामुळे. २०२० साली तिथली वाईनची द्राक्षं धुराने गेली असं सांगितलं होतं. जाळाने नाही, नुसत्या धुराने. हे कसं होतं ते इथे लिहितो, शहरातल्या वाचकांना माहीत नसेल.

लाकूड जळताना धुरात ग्वायाकोलसारखी द्रव्यं असतात. ती मण्याच्या सालीतून आत जातात आणि आतल्या साखरेला चिकटून बसतात. मण्यात पाणी उतरायला, म्हणजे तो मऊ पडून पिकायला, लागल्यापासून पुढे धोका जास्त. द्राक्ष तोडून खाल्लं तर काही कळत नाही, गोड लागतं. पण आंबवायला घातलं की ते बंध सुटायला लागतात, आणि उरलेले पिणाऱ्याच्या तोंडात लाळेने सुटतात. चव विझलेल्या चुलीतल्या राखेसारखी. लाल वाईन सालींसकट आंबवतात म्हणून तिला जास्त फटका. आमच्याकडे अवकाळी पाऊस पडला की मणी तडकलेला डोळ्यांना दिसतो, डाऊनी हा बुरशीचा रोग आला की पानावर दिसतो. इथे घड बघायला सुंदर आणि माल कवडीमोल. शेतकऱ्याला याहून अवघड काय असेल, मला सुचत नाही.

---

निफाडची_लेक

वणीकर दादा, तुमच्याइतकं नीट मला लिहिता आलं नसतं, आभार. २ जानेवारी २०२० ला राज्य सरकारने आपत्तीची स्थिती जाहीर केली त्यात आल्पाइन शायर होता. ऐन सुट्टीच्या हंगामात पर्यटकांना निघून जायला सांगितलं. खोऱ्यात आठवडेच्या आठवडे धूर साचून राहिला, आणि वेळ नेमकी तुम्ही म्हणता ती, मण्यात पाणी उतरायची. त्याआधी २००३ आणि २००६-०७ च्या वणव्यांतही या डोंगरांनी हे भोगलंय.

मी त्या फेब्रुवारीच्या अखेरीस गेले होते. वेलींवर घड तसेच लटकत होते, पक्षी खात होते. मळ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, तोडायची मजुरीसुद्धा निघणार नाही. मी जुन्या वर्षाच्या सहा बाटल्या घेतल्या. त्यांनी प्रत्येक बाटली कागदात गुंडाळून दिली, सावकाश, एकेक.

---

नवखा_मेलबर्नकर

पहिल्यांदाच जातोय, पुढच्या महिन्यात. वेलींमधे शिरून फोटो काढले तर चालतं का? नाशिकला आम्ही काढायचो.

---

वणीचा_द्राक्षवाला

भाऊ, नका शिरू. इथेही विचारल्याशिवाय शिरू नका.

---

निफाडची_लेक

नवखा, तिथे कारण आणखी गंभीर आहे. व्हिक्टोरियाचा तो ईशान्य भाग फायलोक्सेराग्रस्त क्षेत्र म्हणून जाहीर आहे. ही मुळं खाणारी बारीक कीड. बुटाच्या तळाला लागलेल्या मातीतून एका मळ्यातून दुसऱ्यात जाते, आणि लागण झालेली वेल वाचवायला औषध नाही, प्रतिकारक खुंटावर नवी बागच लावावी लागते. म्हणून दारापर्यंत गाडीने, तिथून ओसरीवर. फोटो कुंपणाबाहेरून छान येतात. शनिवार-रविवारी वाईन चाखायला जाणार असाल तर आधी फोन करा, सहापेक्षा जास्त माणसं असतील तर नक्कीच. आणि गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये, डोंगरातले रस्ते आहेत आणि संध्याकाळी कांगारू आडवे येतात.

---

कुमुदिनी_जोगळेकरीण

चेस्टनटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. एप्रिल-मेमध्ये वांडिलिगाँग, ब्राइट या पट्ट्यात ताजे मिळतात. झाडाखाली काटेरी बोंडं पडलेली असतात, जाड हातमोजे घालूनच उचलायची. चव विचाराल तर भाजलेली फणसाची आठळी आणि उकडलेला शिंगाडा यांच्या मधली. सासूबाईंनी पहिला तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, या आठळ्याच की." रत्नागिरी सोडून त्यांना चाळीस वर्षं झाली.

भाजण्याआधी प्रत्येकाला सुरीने आडवी चीर द्या, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतात. २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर काढले की लगेच जाड पंचात गुंडाळून ठेवा आणि गरम असतानाच सोला, गार झाले की आतली तांबूस साल सुटत नाही. आम्ही वरून फक्त मीठ आणि थोडं तूप घातलं.

---

निपाणीकर

कुमुदताई, आमच्याकडे आठळ्या चुलीच्या राखेत पुरून भाजायचे. जूनमध्ये आईला घेऊन मर्टलफर्डला जातोय, ती भट्ट्या बघायच्या म्हणते. तोवर चेस्टनट मिळतील का?

---

कुमुदिनी_जोगळेकरीण

झाडाखालचे संपलेले असतील, पण शेतकरी थंड खोलीत ठेवतात, जूनमध्ये मिळायला हवेत. हातात घेऊन दाबून बघा. घट्ट लागला तर चांगला, साल आत दबली तर वाळलेला. आईंना माझा नमस्कार सांगा.